अनुमोदन (सभाशास्त्र)

सभेत एका सदस्याने मांडलेला ठराव विचारार्थ घेतला जावा, यासाठी दुसऱ्या सदस्याने दिलेल्या औपचारिक पाठिंब्यास अनुमोदन म्हणतात. ठराव मांडणारा तो सूचक, पाठिंबा देणारा तो अनुमोदक. इतिवृत्तात ठरावाखाली दोघांची नावे नोंदवण्याची पद्धत आहे.

'अनु' आणि 'मुद्' (आनंदित होणे) यांपासून शब्द बनल्यामुळे अनुमोदन म्हणजे संमती, असा समज सहज होतो. सभाशास्त्रातील अर्थ मर्यादित आहे: विषय चर्चेस यावा असे सूचकाखेरीज आणखी एकास वाटते, एवढेच त्यातून कळते. चर्चेअंती मत बदलल्यास अनुमोदक ठरावाविरुद्धही मत देऊ शकतो. मात्र जेथे अनुमोदनाची अट आहे तेथे अनुमोदक न मिळाल्यास ठराव मतास न टाकताच बारगळतो. मग सूचकाचे म्हणणे कितीही रास्त असो. अनेक वार्षिक सभांत अनुमोदकाचे नाव आधीच टंकून आणलेले असते. तेथे ही कसोटी केवळ कागदावर उरते.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो' ठराव जवाहरलाल नेहरू यांनी मांडला आणि वल्लभभाई पटेल यांनी त्यास अनुमोदन दिले.

उमेदवारीसाठीही अनुमोदन लागते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत केवळ हौसेपोटी उभे राहणाऱ्यांना आवर घालण्यासाठी १९७४ मध्ये १० सूचक व १० अनुमोदकांची अट आली. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी ५० झाली. हे सर्व त्या निवडणुकीचे मतदार, म्हणजे संसद व विधानसभांचे निर्वाचित सदस्य असावे लागतात.