चॅलेंजरने नेलेले दोन भारतीय पेलोड

अमेरिकेच्या चॅलेंजर या स्पेस शटलने भारताचे दोन पेलोड अवकाशात नेले. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह गेला आणि एप्रिल १९८५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘अनुराधा’ हा प्रयोग. इन्सॅटचे नाव घरोघरी झाले, अनुराधा मात्र विस्मरणात गेली. पण माणसे घेऊन वर जाणाऱ्या आणि सामानासकट परत येणाऱ्या यानाची खरी गरज होती ती अनुराधाला. इन्सॅटचे काम साध्या रॉकेटनेही झाले असते.

इन्सॅटचे मोल यामुळे कमी होत नाही. दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान ही तिन्ही कामे एकाच उपग्रहाने करावीत ही कल्पना आपली होती, जरी तो बांधला अमेरिकी कंपनीने. अरबी समुद्रावरून चढणाऱ्या ढगांची त्याने टिपलेली चित्रे कोकणातल्या कडाव-कर्जतच्या भातशेतीच्याही कामाचीच होती. प्रश्न फक्त वाहनाचा आहे. उपग्रहाला योग्य जागी सोडता यावे म्हणून ३० ऑगस्टचे उड्डाण मध्यरात्रीनंतर ठेवावे लागले. शटलचे ते पहिलेच रात्रीचे उड्डाण. दुसऱ्या दिवशी सामानाच्या कक्षातल्या फिरत्या बैठकीवर उपग्रहाला भोवऱ्यासारखे फिरवले गेले, पकड सुटली आणि स्प्रिंगांनी त्याला हळूच बाहेर लोटले. मग शटल दूर सरकले. उपग्रहाखालची घन इंधनाची मोटर पेटली ती पाऊण तासाने, कारण तिच्या झोताने अंतराळवीरांना धोका होता. म्हणजे ज्यांच्या हातांचा एवढा बोलबाला, त्यांनाच आधी उपग्रहापासून लांब न्यावे लागले. तीनेकशे किलोमीटरवरून ३६,००० किलोमीटरपर्यंतची चढण उपग्रहाने स्वतःच्या बळावर पार केली. पुढे त्याचे सौर पॅनेल अडकले तेव्हा अंतराळवीरांना काहीच करता येण्यासारखे नव्हते. जमिनीवरच्या नियंत्रकांनीच आज्ञा पाठवून सप्टेंबरमध्ये ते उघडले.

अनुराधाचे सगळेच वेगळे. टाटा संस्थेतल्या सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखालील गटाला कमी ऊर्जेचे वैश्विक किरण पकडायचे होते. ही संस्था किरणांच्या अभ्यासासाठी मोठमोठे फुगे उडवत आली होती, पण हे कण फुग्याच्याही वरच्या विरळ हवेत अडकतात. म्हणून अवकाशात जाणे भाग होते. तिथे ठेवला काय, तर सीआर-३९ या प्लॅस्टिकच्या पत्र्यांचा थर. जड अणुकेंद्र पत्र्यातून गेले की त्याच्या वाटेवरचे रेणू तुटतात. पत्रा कॉस्टिक सोड्यात ठेवला की ती वाट आधी खरवडली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखा खड्डा दिसतो. कण नेमका केव्हा आला हे कळावे म्हणून थराचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत ठराविक वेळाने किंचित फिरवत नेला होता. दोन्ही भागांतल्या खुणांमध्ये किती फरक पडला यावरून वेळ निघे, वेळेवरून शटल पृथ्वीच्या कुठल्या भागावर होते ते कळे. हे कशाला? तर पृथ्वीचे चुंबकक्षेत्र कमी विद्युतभाराच्या कणाला कमी वळवते, त्यामुळे तो विषुववृत्ताकडे अधिक आत येऊ शकतो. कण कुठे सापडला यावरून त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले असतील याचा अंदाज बांधता येतो. कमी उंचीवरच्या शटलला चुंबकक्षेत्राबाहेर पडता येत नव्हते, आणि या गटाने तीच अडचण मोजमापाचे साधन केली. हे मला या प्रयोगातले सर्वांत सुंदर वाटते.

कोणी म्हणेल, हे स्वयंचलित उपग्रहाला जमले नसते का? कणांची मोजणी जमली असती. पण पत्र्यावरची खूण रेडिओने पाठवता येत नाही; पत्राच प्रयोगशाळेत यावा लागतो. ६ मे १९८५ ला चॅलेंजर उतरले तेव्हा पत्रे आले. त्यांच्या अभ्यासातून असंगत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैश्विक किरणांतल्या ऑक्सिजनने बहुधा एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो याला थेट पुरावा मिळाला. असे कण मुळात ताऱ्यांमधल्या अवकाशातले विद्युतभाररहित अणू असतात, या सिद्धान्ताला त्यामुळे बळ आले.

शटल भाड्याने स्वस्त पडत होते, हा इन्सॅटच्या बाजूचा युक्तिवादही खोटा नाही. पण ते भाडे खऱ्या खर्चाशी जुळत नव्हते, आणि जीव तर कुठल्याच हिशेबात नव्हता. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर सात जणांसह नष्ट झाले. त्याच वर्षी इन्सॅट-१सी आणि एक भारतीय अंतराळवीर शटलने जायचे होते. ती फेरी रद्द झाली. व्यापारी उपग्रह शटलने सोडणे अमेरिकेने थांबवले आणि इन्सॅट-१सी १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटने, एकही माणूस सोबत न घेता, वर गेला.