कंपनी नावाची व्यक्ती

गेल्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या आमच्या वस्तीत तरुणांची बैठक होती. विषय नोकऱ्यांचा. एका मुलाने मला विचारले, "काका, तुम्ही सारखे कंपनी कंपनी म्हणता, पण कंपनी म्हणजे नेमके कोण? भांडायचे कोणाशी?" त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. पुढे कायद्याची पुस्तके चाळली. जे उमगले ते येथे मांडतो, कारण हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही.

कायद्याच्या लेखी कंपनी ही एक व्यक्ती आहे. लंडनमध्ये सालोमन नावाचा जोड्यांचा कारखानदार होता. त्याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. भागधारक सात : तो, त्याची बायको आणि पाच मुले. कंपनी बुडाली, तेव्हा 1896 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, सालोमन वेगळा आणि कंपनी वेगळी; तिच्या कर्जाला तो जबाबदार नाही. चामड्याच्या धंद्यातली एक कागदी संस्था अशी 'व्यक्ती' ठरली. आमच्या जिल्ह्यात महाडला मात्र हाडामांसाच्या माणसांना तळ्याच्या पाण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडले. व्यक्ती कोणाला म्हणायचे हे कायदा ठरवतो, ही गोष्ट आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

आता या व्यक्तीच्या वतीने निर्णय कोण घेतो ते पाहू. निर्णय संचालक मंडळ घेते, आणि संचालक निवडतात ते भागधारक. तेथे माणसी एक मत नसते, भागामागे एक मत असते. इंग्लंडची रीत ही, आणि आपण उचललीही तीच. जर्मनीने वेगळी वाट धरली. तेथील 1976 च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. मते समसमान पडली तर अध्यक्षाचे जादा मत मालकांच्याच बाजूने जाते हे खरे. पण हिशेब कामगारासमोर मांडावा लागतो. दक्षिण आफ्रिकेने 2003 च्या कायद्याने कंपनीची मालकी व व्यवस्थापन यांत कृष्णवर्णीयांचा वाटा किती, हे मोजायला सुरुवात केली.

आणि आपण? ज्या 1976 साली जर्मनीने तो कायदा केला, त्याच साली आपल्या संविधानात 43-क हे कलम आले. कामगारांना व्यवस्थापनात सहभाग द्यावा, असे ते सांगते. 1990 मध्ये त्यासाठी राज्यसभेत विधेयकही आले. त्याचा कायदा झाला नाही. 2013 चा कंपनी कायदा ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर किमान एक स्त्री संचालक मागतो, स्वतंत्र संचालक मागतो. जातीबद्दल तो मुका आहे. 2012 साली अजित, डॉन्कर आणि सक्सेना या अभ्यासकांनी देशातील एक हजार मोठ्या कंपन्यांची मंडळे तपासली. 93 टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

आपल्या किनाऱ्यापुरता प्रश्न 51 या आकड्याशी येऊन थांबतो. भागभांडवलाचे 51 टक्के सरकारकडे असतील तरच ती सरकारी कंपनी. थळच्या खत कारखान्याची कंपनी आजही सरकारी आहे, म्हणून तेथील भरतीत आरक्षण आहे. नागोठण्याचा कारखाना ज्या इंडियन पेट्रोकेमिकल्सचा होता, तिचे 26 टक्के भाग 2002 साली सरकारने रिलायन्स समूहाला विकले. सरकारचा हिस्सा 51 च्या खाली आला आणि 2007 मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. यंत्रे तीच, अंबा नदी तीच. परंतु खासगी कंपनीवर भरतीत आरक्षण ठेवण्याचे कायदेशीर बंधन नाही. संविधानाची एकही ओळ न बदलता आरक्षणाचे दार लागते ते असे.

यावर सामाजिक जबाबदारीच्या दोन टक्क्यांकडे बोट दाखवले जाते. मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, स्थानिक भागाला अग्रक्रम द्यावा, असे तोच 2013 चा कायदा सांगतो. शाळेला बाके मिळतात, मिळोत. पण दान घेणारा ओटीवर उभा असतो आणि निर्णय माजघरात होतात. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जो संप केला, तो खोताने उदार व्हावे म्हणून नव्हे. 1937 साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात विधेयक आणले तेही खोती नष्ट करण्यासाठी. खोत दयाळू व्हावा एवढ्यासाठी नव्हे.

त्या मुलाला मी आता सांगतो : कंपनीचा वार्षिक अहवाल वाच. भाग कोणाकडे किती आहेत, मंडळावर कोण बसले आहेत, ते बघ. भागबाजारात नोंदलेल्या कंपनीचा एक भाग विकत घेतलास तरी वार्षिक सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क तुला मिळतो. त्या एका मताने निकाल फिरणार नाही. पण सभेत उभे राहून, "या मंडळात आमचे कोण आहे?" एवढे विचारता येईल. आणि 43-क कलमाला कायद्याचे हातपाय द्या, संचालकांची सामाजिक मोजदाद करा, या मागण्या घेऊन कामगार संघटना व आपली चळवळ यांना एकाच मोर्चात चालावे लागेल. भांडायचे कोणाशी, याचे उत्तर तेथून सुरू होते.