कापडाचा बाजार वाचायला शिका!
अमरावती-अकोल्याच्या ठोक व चिल्लर बाजारपेठांची ओळख

भीमजयंती जवळ आली की वऱ्हाडातल्या प्रत्येक वस्तीत पांढऱ्या साडीची चौकशी सुरू होते. निळ्या काठाची हवी, सुती हवी, महिला मंडळाला एकसारख्या हव्यात! पुढे बुद्ध पौर्णिमा, 14 ऑक्टोबर, अशोक विजयादशमी आणि मध्ये लग्नसराई. मजुरी करून जमवलेला आपला पैसा अशा रीतीने वर्षभर कापड बाजारात जात असतो. परंतु त्या बाजारात आपण बहुधा गिऱ्हाईक म्हणून जातो, फार तर सेल्समन किंवा हमाल म्हणून. गल्ल्यावर आपला माणूस क्वचितच दिसतो. असे का, आणि यातून वाट कशी काढावी, याचा विचार करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपले नाते जुने आहे

कापडाचा धंदा आपल्याला परका नाही. नागपूरकडच्या महार समाजात जाडेभरडे सुती कापड विणणारी पुष्कळ घरे होती. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1867 पर्यंत आगगाडी नागपूरला पोहोचली. इथला कापूस विलायतेला जाऊ लागला, तिथले गिरणीचे कापड इथे येऊ लागले आणि हातमाग बसला. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा विणकरांची मुले तिथे मजूर म्हणून लागली. माग आपला होता, गिरणी दुसऱ्याची झाली!

बाबासाहेबांनी तर कपड्याला स्वाभिमानाशी जोडले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड दागिने टाकून द्यायला सांगितले. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. तिथेही बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा उपदेश केला. नीटनेटके कपडे घालायला आपण शिकलो. आता ते विकायलाही शिकले पाहिजे.

माल येतो कुठून?

अमरावती हे विदर्भातले तयार कपड्यांचे मोठे ठोक केंद्र. नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड, ड्रीमलँड अशी ठोक दुकानांची संकुले उभी आहेत. शहरात जयस्तंभ चौक, राजकमल चौक, जवाहर गेट या भागात चिल्लर खरेदीची गर्दी असते. अकोल्यात टिळक रोड, गांधी रोड आणि कापड बाजार या जागा सर्वांना ठाऊक आहेत. सुरतहून धुळ्यावरून येणारा महामार्ग अकोला, अमरावती करत पुढे नागपूरला जातो. त्यामुळे सुरतेची कृत्रिम धाग्याची साडी इकडे सहज पोहोचते. जीन्स उल्हासनगरहून येते, बनियन-टी शर्ट तिरुपूरहून, गणवेश सोलापूरहून, लोकरीचा माल लुधियान्याहून. प्रत्येक हातबदलाला भाव चढतो. शेवटचा चढ गावच्या आठवडी बाजारात आपण भरतो.

ठोक दुकानात एक-एक नग मिळत नाही. शर्ट घ्यायचा तर लहान-मोठ्या मापांचा पूर्ण संच घ्यावा लागतो. त्यातले एखादे माप आपल्या गावात खपत नसेल तर तेच अंगावर पडते. साडीच्या गठ्ठ्यात चार रंग चालणारे, दोन न चालणारे असतात. म्हणून माल घेण्याआधी आपले गिऱ्हाईक ओळखावे.

पाहणी कशी करावी?

पहिल्या फेरीत पैसे नेऊच नयेत, वही न्यावी. एकच वस्तू ठरवावी, समजा पांढरी सुती साडी. तिचा भाव चार ठोक दुकानांत, चार चिल्लर दुकानांत आणि एका आठवडी बाजारात विचारून लिहून ठेवावा. कापड हातात घेऊन पोत पाहावा, काठाचा रंग ओल्या रुमालावर उतरतो का ते पाहावे. कमीत कमी किती नग घ्यावे लागतात, खराब नग परत घेतात का, पक्के बिल देतात का, हे विचारावे. कोणत्या महिन्यात काय खपते याचीही नोंद करावी. वऱ्हाडात कापूस-सोयाबीन घरात आल्यावर पैसा फिरतो आणि शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आधी गणवेशाचा हंगाम. जयंतीचा माल मार्चमध्येच हाताशी हवा.

आता हिशेब. समजा 220 रुपयांप्रमाणे 30 साड्या घेतल्या, म्हणजे 6,600 रुपये. गाडीभाडे-हमाली 400. एकूण 7,000. साडी 300 ला विकली तर 24 साड्यांत भांडवल सुटते आणि वर 200 उरतात. खरा नफा शेवटच्या सहा साड्यांत आहे! त्या सहा उधारीवर गेल्या की नफाही उधारीवर गेला. ओळखीच्या वस्तीत धंदा करणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे. आपल्याच माणसाची बुडवलेली उधारी आपल्याच माणसाचे दुकान बंद पाडते, हे गिऱ्हाइकानेही समजून घ्यावे.

कराचीही माहिती असावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला 18 टक्के. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान दुकानदाराला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नाही.

पुढे काय?

नांदगाव पेठेला केंद्र सरकारच्या मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. तिथे नोकऱ्या मिळाल्या तर चांगलेच, पण एम्प्रेस मिलचा धडा विसरू नये. शिवणकामाचे वर्ग आयटीआयमध्ये आहेत. 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आपल्या समाजाला व्यवसायासाठी कर्ज देते. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चालू योजना विचारावी, दलालाच्या हाती कागद देऊ नये.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारातल्या महिला मंडळाने पुढच्या जयंतीच्या साड्या एकत्र, थेट ठोक बाजारातून आणाव्यात. दोन शिकलेल्या मुलींना वही घेऊन सोबत न्यावे. वाचलेल्या पैशातून वस्तीत एक शिलाई मशीन येईल, आणि त्या दोन मुलींपैकी एखादी उद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसेल. जयभीम!