नवोद्योगाच्या संस्थापक-मंडळात अभिकल्पकाचे स्थान

'डिझाइन' हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः वेलबुट्टी, नक्षी ह्या अर्थाने. वस्तू आधी सिद्ध व्हावी व मग तिच्यावर डिझाइन चढावे, अशी कल्पना ह्या अर्थाच्या मुळाशी आहे. त्यामुळे नव्या उद्योगात अभियंता व व्यवहारज्ञ हे मूळ भागीदार, आणि डिझायनर, म्हणजेच अभिकल्पक, हा मागाहून वेतनावर नेमावयाचा कारागीर, असा समज सहज होतो. ह्या समजाची परीक्षा 'एअरबीएनबी' ह्या अमेरिकन उद्योगाच्या उदाहरणाने करता येईल.

ह्या उद्योगाच्या तीन संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की व जो गेबिया हे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे पदवीधर होत. तिसरे नेथन ब्लेचार्झिक हे संगणक-अभियंता. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे अभिकल्पकांची परिषद भरली व हॉटेले अपुरी पडली. तेव्हा चेस्की व गेबिया यांनी, स्वतःचे घरभाडे भागावे म्हणून, राहत्या घरात हवेच्या गाद्या घालून तिघांची सोय केली. २००८ मध्ये ब्लेचार्झिक यांच्या सहकार्याने ह्याच कल्पनेचे संकेतस्थळ झाले.

नोंदणी व पैशांची देवघेव हे प्रश्न अभियंत्याच्या कक्षेतील होते. परंतु अनोळखी माणसास घरात निजू द्यावे कसे, हा मुख्य प्रश्न विश्वासाचा होता, आणि त्याचे उत्तर मांडणीतूनच शोधावे लागले. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील घरांची छायाचित्रे निकृष्ट असल्याचे ध्यानी येताच संस्थापकांनी स्वतः तेथे जाऊन ती नव्याने काढली, व अडलेले उत्पन्न वाढू लागले.

भाषाभ्यासकास याहून उद्बोधक वाटेल ती संदेशाची चौकट. पाहुण्याने स्वतःविषयी फार थोडे लिहिले तर यजमान साशंक होतो; फार लिहिले तर संकोचतो. म्हणून चौकटीचा आकार व तिच्यातील सूचक शब्द अशा बेताने ठेवले, की लिहिणाऱ्याने आपोआप योग्य तेवढेच लिहावे, असे गेबिया यांनी २०१६ मधील एका व्याख्यानात सांगितले. एच. पी. ग्राइस यांनी संभाषणाचा जो परिमाणविषयक नियम सांगितला, म्हणजे आवश्यक तितकेच सांगावे, कमी नको व अधिकही नको, तोच येथे चौकटीच्या लांबीरुंदीत उतरला आहे. शब्दयोजनाही अशीच अर्थपूर्ण आहे. घरमालक व भाडेकरू यांच्या जागी यजमान व पाहुणा हे शब्द येताच व्यवहार तोच राहून नाते मात्र बदलते. पाहुण्याकडून कोणी पैसे घेत नाही, हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते.

अशा निर्णयांचे सामर्थ्य जेवढे मोठे, तेवढाच त्यांतील धोकाही. विश्वास वाटावा म्हणून पाहुण्याचे नाव व चेहरा यजमानासमोर ठेवला गेला. हार्वर्ड येथील एडलमन, लुका व स्विर्स्की यांनी सुमारे ६,४०० यजमानांकडे केवळ नावे बदलून विनंत्या पाठविल्या. गोऱ्या समाजात रूढ असलेल्या नावांना सुमारे ५० टक्के होकार आले, तर कृष्णवर्णीय समाजातील नावांना सुमारे ४२ टक्केच. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये, आरक्षण पक्के झाल्यावरच पाहुण्याचे छायाचित्र दाखविण्याचे कंपनीने ठरविले. २०२२ पासून ओरेगन राज्यातील पाहुण्यांच्या बाबतीत आरक्षणापूर्वी नावाचे केवळ आद्याक्षर दाखविले जाऊ लागले.

ही दुरुस्ती पाया खणून करावी लागली, ह्यावरूनच ते मूळ निर्णय पायातील होते हे सिद्ध होते. कोणी कोणास काय सांगावे, कोणत्या शब्दांत, व कोणती माहिती केव्हा दिसावी, हे ठरविणारा मनुष्य उद्योगाला रंग देत नसतो. तो त्यातील माणसांचे परस्परसंबंध ठरवीत असतो. म्हणून अभिकल्पकाची जागा आरंभापासून संस्थापकांत असावी, हे जितके खरे, तितकेच त्या संबंधांतून उद्भवणाऱ्या अन्यायाचे उत्तरदायित्वही आरंभापासून त्याच्याकडे येते, हेही खरे.