निवाऱ्याचा अर्ज आणि रात्रीची मोजदाद

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीत येणाऱ्या माणसाला दिवसा काम मिळते. रात्री अंग टाकायला जागा मिळेलच, असे नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. या वाटचालीत कामगार वसाहती झाल्या, प्राधिकरणाचे भूखंड पडले. परंतु मजूर अड्ड्यावर उभा राहणारा बिगारी, हमाल किंवा घराबाहेर पडलेला वृद्ध यांचा विचार नगररचनेने क्वचितच केला. ही माणसे उड्डाणपुलाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीवर रात्र काढतात.

त्यांच्यासाठी सरकारकडे तरतूदच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची स्वतंत्र योजना होती. एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि प्रत्येकी किमान ५० चौरस फूट जागा, असा तिचा निकष होता. पन्नास जणांचा निवारा चालविण्यासाठी पहिली ५ वर्षे दरसाल ६ लाख रुपये धरलेले होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. म्हणजे सुमारे १,७०० जणांची सोय अपेक्षित होती. पिंपरीतील महापालिकेचे ‘सावली’ निवारा केंद्र स्वागतार्हच आहे. पण एखाद्या केंद्राने हा आकडा गाठला जात नाही.

मग घोडे अडते कोठे? अनुदानाचा प्रस्ताव स्थानिक संस्थेने राज्याकडे पाठवायचा असतो. त्यास जागा हवी, केंद्र चालविणारी संस्था हवी आणि मुख्य म्हणजे बेघरांची संख्या हवी. ही संख्या दिवसा कार्यालयाच्या वेळेत मोजली, तर पुलाखाली कोणीच आढळत नाही. सारे कामावर गेलेले असतात. मोजदाद तोकडी, म्हणून मागणी तोकडी, आणि मागणी तोकडी म्हणून गरजच नाही, असा निष्कर्ष! २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती योजनेची गती मंद का आणि निधी पडून का, हेही तपासण्यासाठीच. नुसत्या पैशाने छप्पर उभे राहत नाही, याची ही कबुलीच होती.

अनुदानाला मुदत असते, थंडी-पावसाला नसते. म्हणून अर्जाबरोबरच पुढील खर्चाची तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. शेजारच्या आळंदीत गाडगेमहाराजांनी लोकवर्गणीतून वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभारली. जे एका निष्कांचन संताला साधले, ते संपन्न महापालिकेला अशक्य असू नये.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना झाली आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर नोंदले गेले. आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणकांत शिक्षक मोठ्या संख्येने असतात आणि प्रस्तावाचे कागद लिपिकाच्या टेबलावरून जातात. ज्याला पत्ता नाही, त्याचा अर्ज इतरांनीच लिहावयाचा असतो. त्या रात्री जो मोजला जाणार नाही, त्याच्यासाठी पुढील कित्येक वर्षे कोणी काही मागणारही नाही.