२६ नोव्हेंबर : दुःखाला ईमानाचा आधार

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो हल्ला झाला, तो २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. १६६ निरपराध माणसे मारली गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेली कुटुंबे होती. ताज आणि ओबेरॉय हॉटेलांतले पाहुणे आणि कामगार होते. नरीमन हाऊसमधले यहुदी धर्मगुरू आणि त्यांची पत्नी होती. मृतांमध्ये हिंदू होते, मुस्लिम होते, ख्रिस्ती होते. गोळीने कुणाचाही धर्म विचारला नाही.

दरवर्षी हा दिवस येतो तेव्हा अनेक मुस्लिम घरांत एक अवघडलेपण असते. टीव्हीवर ती दृश्ये सुरू झाली की कुणीतरी हळूच चॅनेल बदलतो. दुःख तर मनात असतेच. पण ते बोलून दाखवण्याआधी आपल्याला सफाई द्यावी लागेल की काय, अशी धास्तीही असते. या धास्तीपायी आपण रडणेच विसरतो आणि आपली मुले ते पाहत असतात.

शाळेत त्या दिवशी संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते आणि मृतांसाठी मौन पाळले जाते. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “मॅडम, मौनाच्या वेळी मनात काय म्हणायचं? ते तर आपल्या ओळखीचे नव्हते, सगळे आपल्या धर्माचेही नव्हते.”

मी तिला एक हदीस सांगितली. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या समोरून एक अंत्ययात्रा जात होती. प्रेषित (स.) उठून उभे राहिले. सोबत्यांनी सांगितले, की मयत यहुदी माणसाची आहे. त्यावर त्यांनी उलट विचारले, की तोही एक जीवच नव्हता का? शाळेत आपण दोन मिनिटे उभे राहतो, तेव्हा हेच लक्षात ठेवावे. उभे राहून मनातल्या मनात दुआ करावी : या अल्लाह, ज्यांची माणसे गेली त्यांना सब्र दे, जखमींना आराम दे आणि या देशात अमन राहू दे.

सब्र म्हणजे दगड होणे, असा आपला एक गैरसमज आहे. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले, की त्यांची दृष्टी गेली. तरीही अल्लाहच्या कृपेची आशा सोडू नका, असेच ते आपल्या मुलांना सांगत राहिले. आपला चिमुकला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा स्वतः प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले. डोळे रडतील, मन दुखेल. जिभेवर मात्र अल्लाहला नापसंत असे काही येऊ नये, ही त्यांची शिकवण. ‘इन्ना लिल्लाह’ म्हणतानाही आपण दुःख नाकारत नाही. आपण सारे अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जायचे आहे, हे स्वतःला समजावतो. ज्याच्यापुढे जायचे आहे तो न्याय करणारा आहे, हाच मोठा दिलासा.

सूरह माइदामध्ये एका निरपराधाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या ठरवली आहे. मुंबईच्या मुस्लिमांनी त्या वेळी हे कृतीतून दाखवले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात मारेकऱ्यांना दफन करायला विश्वस्तांनी नकार दिला. काही दिवसांनी, ९ डिसेंबरला बकरी ईद आली, तेव्हा अनेक जण काळ्या फिती लावून नमाजला गेले. कुणाला सफाई देण्यापेक्षा हे मोठे होते. आपल्याच शहराच्या दुःखात ती माणसे सामील झाली होती.

त्याच आयतीत एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असेही सांगितले आहे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. नरीमन हाऊसमधल्या लहानग्याला त्याच्या दाईने उचलून बाहेर आणले. मुलांना त्या रात्रीविषयी सांगताना मारणाऱ्यांपेक्षा वाचवणाऱ्यांच्या गोष्टी जास्त सांगाव्यात.

हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले. दुःखी घराला आधी जेवणाचा डबा पोहोचवायचा, उपदेश नंतर, ही आपली सुन्नत. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत कुणाचे माणूस गेले असेल, मग ते घर कोणाचेही असो, तिथवर आपला डबा पोहोचला पाहिजे.

येत्या २६ नोव्हेंबरला टीव्ही बंद करू नका. मुलांना जवळ घेऊन बसा, त्यांचे प्रश्न ऐका, मगरिबनंतर सर्वांनी मिळून दुआ करा. अल्लाह दुःखितांच्या मनाला शांती देवो आणि आपले हात जुलुमापासून दूर ठेवो. आमीन.