जास्त पळवलेला कॉम्प्युटर : पैसे देण्याआधी पारखून घ्या



गेल्या वर्षी आमच्या रिसोडच्या गटाने हिशोबासाठी जुना कॉम्प्युटर घेतला. "नव्यापेक्षा फास्ट आहे, ताई," असं विकणारा म्हणाला. हिवाळाभर तो नीट चालला. एप्रिल लागला आणि दुपारी काम करता करता तो आपोआप बंद पडू लागला. एक दिवस तर कर्जवाटपाची फाईलच उघडेना. वही ठेवली होती म्हणून वाचलो.

तपासल्यावर कळलं, त्याचा प्रोसेसर 'ओव्हरक्लॉक' केलेला होता.

म्हणजे काय? प्रोसेसर ठोक्यांवर चालतो. साडेतीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३५० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ठोके द्यायला लावणं म्हणजे ओव्हरक्लॉक. त्यासाठी बऱ्याचदा विजेचा दाबही वाढवतात. पिठाच्या गिरणीचा वेग वाढवला तर दळण लवकर होतं, पण जातं तापतं आणि पीठ करपतं. इथेही तसंच. उष्णता वाढते, आणि एखादा ठोका चुकला की उत्तर चुकतं. कधी मशीन बंद पडतं, कधी गुपचूप फाईल बिघडते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लगेच दिसत नाही.

मग पारखायचं कसं?

पहिलं, महत्त्वाच्या फाईली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. चाचणीत मशीन अचानक बंद पडू शकतं.

दुसरं, 'प्राइम९५' हा मोफत प्रोग्राम जाणकाराकडून टाकून घ्या. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्याचा एक जागतिक उपक्रम १९९६ पासून चालू आहे, त्यासाठी तो बनवला. त्यातली 'टॉर्चर टेस्ट' प्रोसेसरला सतत अवघड गणितं घालते आणि उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून बघते. एक जरी चूक निघाली तरी मशीन नापास.

तिसरं, तापमान दाखवणारा प्रोग्राम सोबत चालू ठेवा. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. आकडा नव्वदच्या वर जाऊ लागला तर चाचणी थांबवा. पंख्यातली धूळ काढून घ्या.

चौथं, वेळ. दहा मिनिटं पुरत नाहीत. पहिला तासभर जवळ बसा, मग सात-आठ तास चालू द्या. डब्याचं झाकण लावलेलंच असू द्या, आणि चाचणी दुपारी घ्या. खोली वीस अंशांनी जास्त तापली, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. जानेवारीच्या सकाळी पास झालेलं मशीन आपल्याकडच्या मे महिन्यात नापास होऊ शकतं. आमचं तसंच झालं.

पास झालं म्हणजे कधीच चुकणार नाही असं नाही. एवढंच की चूक सापडली नाही.

म्हणून सरळ उपाय सांगते. बायोसमध्ये जाऊन सगळी सेटिंग कंपनीच्या मूळ मापावर आणून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीने स्वतः दिलेला 'टर्बो' वेग वेगळा, त्याची भीती नको. हिशोब लिहायला जादा वेग लागतच नाही. आमचं मशीन मूळ मापावर आणलं, पुन्हा भर दुपारी चाचणी घेतली, तेव्हा ते पास झालं.

बायांनो, गटाचा पैसा घामाचा आहे. गाय घेताना आपण दूध काढून बघतो ना? मग कॉम्प्युटर घेतानाही चाचणी आधी, पैसे नंतर. आणि वही मात्र सोडू नका.